कासवाच्या पाठीवर शेवाळ आलंय? घासण्याआधी हे वाचा

घरच्या कासवाची पाठ हिरवी दिसायला लागली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण भांड्यांची घासणी घेऊन बसतात, तर काही जण पाठीला खोबरेल चोळतात. कृपा करून दोन्ही करू नका. शेवाळ हा सहसा कासवाचा आजार नसतो. टाकीत उजेड, घाण आणि ओलावा यांचं गणित कुठेतरी बिघडलंय, एवढंच त्यावरून कळतं. त्यामुळे पाठ घासायची कृती या लेखात आहे, पण ती अर्ध्या तासाची. शेवाळ परत येऊ नये म्हणून करायचं काम टाकीत आहे आणि लेखाचा मोठा भागही त्यावरच आहे.

हे सगळं रेड-इअर्ड स्लायडर डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दुकानात एवढ्याशा प्लास्टिकच्या वाडग्यात विकायला ठेवलेलं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. 'हे एवढंच राहतं' असं विकणारा सांगतो, ते खरं नाही. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर हे कासव २० वर्षांहून जास्त जगतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुमच्या कासवाच्या पोटाखाली मागचे पाय झाकणाऱ्या मऊ झडपा असतील किंवा पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल, तर ते देशी कासव आहे. पहिलं फ्लॅपशेल, दुसरं स्टार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशी कासवं घरी ठेवणं गुन्हा आहे, मग ती वास्तुदोषासाठी आणलेली असोत की कुणी भेट दिलेली. ती जवळच्या तळ्यात सोडूनही देऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते सांगतील तसं करा.

पाठीवर नक्की काय आहे ते ओळखा

कासवाला पाण्यातून काढा, अंग टिपा आणि जुन्या टॉवेलवर भरपूर उजेडात ठेवा. कवच पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओल्या पाठीवर सगळंच सारखं दिसतं आणि निम्म्या चुका इथेच होतात.

कवचाची रचना माहीत असली तर पुढचं सोपं जातं. वरून दिसतात ते तुकडे म्हणजे स्क्यूट. आपल्या नखांसारखे तेही केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यांच्या खाली जिवंत हाड असतं. ते कासवाच्या बरगड्यांना आणि कण्याला एकजीव जोडलेलं असतं आणि त्यात रक्तवाहिन्या व नसाही असतात. म्हणजे पाठीला हात लावला की कासवाला कळतं आणि जोरात घासलं तर दुखतंही.

आता वाळलेल्या पाठीवरून बोट फिरवा. शेवाळ असेल तर हिरवट किंवा तपकिरी थर बोटाला लागतो, थोडासा निघतो आणि खालचं कवच टणक, गुळगुळीत लागतं. वास आलाच तर तळ्याच्या पाण्यासारखा, कुजका नाही. नव्याने मांडलेल्या टाकीत आधी तपकिरी थर येतो. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि टाकी स्थिरावली की बहुधा आपोआप कमी होतो. हिरवे, केसासारखे लांब तंतू दिसले तर ते बॅसिक्लॅडिया या गटातलं शेवाळ असण्याची शक्यता मोठी. हे शेवाळ मुख्यतः पाणकासवांच्या पाठीवरच वाढतं. निसर्गातल्या कासवांना त्याचा सहसा काही त्रास होत नाही, उलट तळाशी दबा धरून बसायला मदत होते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मेरी नदीतल्या कासवाचा डोक्यावर हिरवे केस असलेला फोटो तुम्ही कदाचित पाहिला असेल. ते केस म्हणजे शेवाळच. जपानी चित्रांत तर शेवाळाची लांब शेपटी मिरवणारं कासव दीर्घायुष्याचं प्रतीक मानतात. तेव्हा पाठ हिरवी झाली म्हणून रात्रीची झोप घालवू नका.

शेवाळासारख्या दिसणाऱ्या पण शेवाळ नसलेल्या चार गोष्टी मात्र ओळखता यायला हव्यात.

पहिली, पांढरा खडूसारखा थर. पाठ वाळली की दिसतो, ओली झाली की गायब होतो. हे क्षार. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत हे हमखास दिसतं. दिसायला वाईट, पण निरुपद्रवी.

दुसरी, कडेने उचललेले पातळ, पारदर्शक पापुद्रे. स्लायडर वाढताना जुने स्क्यूट टाकतं, तेच हे. पापुद्र्याखाली पाणी आणि शेवाळ अडकलं की पाठ फारच मळकट दिसते. नखाने किंवा सुरीने ते उचकटायचे नाहीत. वेळ आली की आपले आपण सुटतात.

तिसरी, पाण्यात असताना कापसासारखा दिसणारा पांढरा पुंजका. हा कवचापेक्षा मानेवर किंवा पायांच्या कातडीवर जास्त दिसतो. ही बुरशी.

चौथी आणि काळजीची गोष्ट म्हणजे कवच कुजणं, ज्याला पाळणारे 'शेल रॉट' म्हणतात. खड्डे पडतात, एखादा भाग मऊ लागतो, गुलाबी किंवा लालसर डाग दिसतात, पनीरच्या चुऱ्यासारखं काहीतरी निघतं आणि घाण वास येतो. शेवाळाच्या जाड थराखाली हे लपून राहू शकतं. शेवाळ स्वतः धोक्याचं नसूनही साफ करायचं ते मुख्यतः या कारणासाठी, की खाली काय चाललंय ते दिसावं. कवच कुजण्याच्या या खुणांपैकी एक जरी दिसली तर ब्रश बाजूला ठेवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

पिल्लाचं कवच किंचित लवचीक असतं, त्याला घाबरू नका. मोठ्या कासवाचं कवच मात्र अंगठ्याने हलकं दाबल्यावर दबता कामा नये.

पाठ साफ करण्याची कृती

साहित्य साधं आहे: लहान मुलांचा मऊ टूथब्रश, एक उथळ टब, कोमट पाणी आणि जुना टॉवेल. ब्रश आणि टब कासवासाठीच वेगळे ठेवा. साबण, टूथपेस्ट, मीठ-लिंबू, व्हिनेगर, बेकिंग सोडा यांतलं काही लागत नाही.

हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत लहान मुलं कासवांमुळे आजारी पडू लागली म्हणून १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकण्यावर बंदी आली आणि ती आजही आहे. बाथरूम किंवा मागची मोरी उत्तम. पाच वर्षांखालच्या मुलांना या कामात घेऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

पायरी १. टबमध्ये हाताला जेमतेम कोमट लागेल असं पाणी घ्या, साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस. पाणी कासवाच्या हनुवटीच्या खाली राहील एवढंच. पाच-दहा मिनिटं त्याला त्यात बसू द्या, म्हणजे थर मऊ पडतो. बऱ्याच कासवांना कोमट पाण्यात बसवलं की शी होते. तसं झालं तर पाणी बदला.

पायरी २. दोन्ही हातांनी पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधे, कवचाच्या कडांना धरून उचला. स्लायडर नखं मारतं आणि जोरात लाथाही झाडतं, म्हणून टबच्या अगदी वरच धरा. हातातून निसटलं तर फरशीवर आपटायला नको. उपडं करून फार वेळ ठेवू नका.

पायरी ३. ब्रश ओला करून छोट्या छोट्या गोलाकार हालचालींनी एकेक स्क्यूट घ्या. आपल्या हिरड्यांना सोसेल तेवढाच दाब. दोन स्क्यूटमधल्या खाचेत खाचेच्या दिशेने फिरवा, आडवा नाही. शेपटीकडच्या कडांखाली शेवाळ जास्त साचतं, तिथे थोडा जास्त वेळ द्या. पोटाकडची बाजूही बघा. मान, पाय, शेपटी यांना ब्रश लावायचा नाही. ओल्या बोटाने पुसलं तरी पुरतं.

पायरी ४. एका बैठकीत सगळं निघालंच पाहिजे असा हट्ट धरू नका. तंतूंचं शेवाळ चिवट असतं. पाच मिनिटांत जे निघेल ते निघू द्या, उरलेलं पुढच्या आठवड्यात. कासव सारखं फुसकारत असेल किंवा डोकं आत ओढून बसलं असेल, तर तिथेच थांबा.

पायरी ५. स्वच्छ पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा आणि टाकीत टाकण्याआधी तासभर उबदार, कोरड्या जागी ठेवा. मोठ्या तळाचा प्लास्टिकचा क्रेट चालतो. त्याच्या एका बाजूवर दिवा असावा आणि दुसरी बाजू सावलीत, म्हणजे गरम झालं तर कासवाला सरकता येतं. उरलेलं शेवाळ या तासाभरात वाळतं आणि पुढच्या वेळी सहज सुटतं.

शेवटी टब, ब्रश आणि मोरी जंतुनाशकाने धुऊन घ्या आणि हात साबणाने स्वच्छ धुवा.

असं किती वेळा करायचं? पाठ खरंच मळली असेल तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा. रोज घासणाऱ्यांना माझा विरोध आहे. त्याने स्क्यूट झिजतात, कासव माणसाला घाबरायला लागतं आणि शेवाळ तरीही येतंच.

आता टाकीकडे

शेवाळाला तीन गोष्टी लागतात: उजेड, खत आणि सतत ओला पृष्ठभाग. उजेड कमी करायला मर्यादा आहे, कारण तो कासवालाही हवा. खत बऱ्यापैकी कमी करता येतं. ओला पृष्ठभाग मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे आणि नेमकं तिथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

म्हणून सुरुवात कोरड्या जागेपासून करा. स्लायडर रोज काही तास पाण्याबाहेर येऊन ऊब घेतं. त्या वेळी त्याचं संपूर्ण अंग, पोटासकट, पूर्ण वाळलं पाहिजे. दुकानातल्या वाडग्यात प्लास्टिकच्या नारळाच्या झाडाखाली जी जागा असते ती जेमतेम पाण्याच्या पातळीला असते, त्यावर बसलेल्या कासवाचं पोट ओलंच राहतं. तरंगत्या प्लॅटफॉर्मवर कासव मोठं झालं की तो त्याच्या वजनाने बुडतो. सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे धुतलेल्या विटांच्या दोन थप्प्या आणि त्यावर खरबरीत शहाबादी फरशीचा तुकडा, कडा घासून बोथट केलेल्या. चढायला एक उतार लागतो, त्यावर नखं रुतली पाहिजेत. कासवाचं ओझं आणि काचेची ताकद बघून हे सगळं घट्ट बसवा, कारण कोसळलं तर कासव खाली अडकून बुडू शकतं. हो, पाणकासवंही बुडतात.

त्या जागेवर उष्णतेचा दिवा हवा. कासव बसतं तिथे तापमान ३० ते ३५ अंश असावं. टाकीतलं पाणी २४ ते २७ अंश. पाणी आणि कोरडी जागा यांत हा फरक नसेल तर कासवाला बाहेर यायचं कारणच उरत नाही. सोबत यूव्हीबी ट्यूब लागते, म्हणजे उन्हातले कासवाला लागणारे अतिनील किरण देणारी. घरातला साधा एलईडी उजेड देतो, यूव्हीबी देत नाही. यूव्हीबी ट्यूब बाहेरून चांगली पेटत असली तरी तिच्यातलं यूव्हीबी हळूहळू संपतं, म्हणून पाकिटावर सांगितल्याप्रमाणे सहा महिने ते वर्षभरात बदला. दिवे दिवसाला १० ते १२ तास पुरेत. प्लगला लावायचा साधा टायमर घ्या. रात्रभर दिवा चालू राहिला की शेवाळाची चंगळ आणि कासवाची झोपमोड.

टाकी खिडकीत ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. 'ऊन मिळतं ना,' असं म्हणतात. खिडकीच्या काचेतून आणि टाकीच्या काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही. येतो तो उजेड आणि उष्णता, म्हणजे शेवाळाला हवं ते सगळं. टाकी खिडकीपासून दूर हलवा. खरं ऊन द्यायचं असेल तर सकाळी वीस-तीस मिनिटं गॅलरीत द्या. त्यासाठी प्लास्टिकचा टब, अर्ध्यावर सावली, थोडं पाणी आणि वरून जाळी एवढं हवं. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, पाणी बघता बघता तापतं. आणि जाळी असली तरी तिथून हलू नका. कावळे आणि मांजरं तुमच्यापेक्षा धीराने वाट बघतात.

आता खत. म्हणजे कासवाची विष्ठा आणि न खाल्लेलं अन्न. त्यातून अमोनिया बनतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि नायट्रेटवर शेवाळ पोसतं. स्लायडर आपल्या आकाराच्या मानाने भरपूर घाण करतं, म्हणून माशांच्या हिशेबाने घेतलेला फिल्टर त्याला पुरत नाही. टाकीतल्या पाण्याच्या निदान दुप्पट पाण्यासाठी बनवलेला फिल्टर घ्या. पाण्याचा ढोबळ हिशेब असा: कवचाच्या दर २.५ सेंटिमीटर लांबीमागे ४० लिटर. पंधरा सेंटिमीटरच्या कासवाला म्हणजे २४० लिटर. हा आकडा वाचून दुकानातलं ते वाडगं आठवलं असेल, तर शेवाळाचं निम्मं कोडं तिथेच सुटलं.

दर आठवड्याला पाव ते अर्धं पाणी बदला. सगळं एकदम नको. नळाचं क्लोरीन असलेलं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाका. कासवाला त्या क्लोरीनचा फारसा त्रास होत नाही, पण फिल्टरमधले जिवाणू मरतात. त्याच कारणाने फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या. काचेवरचं आणि दगडांवरचं शेवाळही त्याच दिवशी खरवडून नळीने बाहेर काढा. पाठ स्वच्छ आणि काचा हिरव्या असं ठेवलं तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

वीज जाणाऱ्या भागांसाठी एक सूचना. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर बरेच तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं. वीज आली म्हणून तसाच चालू करू नका. आतलं पाणी ओतून टाका, स्पंज टाकीच्या पाण्यात विसळा आणि मग सुरू करा.

खाणं मोजून द्या. कासवाच्या डोक्याच्या आकारात मावेल एवढे पेलेट, पिल्लांना रोज आणि मोठ्यांना एक दिवसाआड. मोठ्यांना सोबत हिरवा पाला. पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं जाळीने काढून घ्या. पोळीचे तुकडे, भात, बिस्कीट बंद. नुसत्या सुक्या जवळ्यावर कासव वाढवणं तर अजिबात नको. वास आवडतो म्हणून ते खातं, पण त्यात पूर्ण पोषण नसतं आणि बाजारातल्या सुकटीत मीठही असू शकतं.

ऋतूंचं बघायचं तर पावसाळा सगळ्यात अवघड. कोकणात आणि मुंबईकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की दिव्याशिवाय कासवाची पाठ वाळत नाही. 'हिरवं झालं' अशा तक्रारी याच दिवसांत वाढतात. उष्णतेचा दिवा वर्षातून चारच महिने लावणार असाल तर ते हेच चार महिने असू द्यात. थंडीत नाशिक-नागपूरकडे पाणी २० अंशांखाली गेलं की कासव सुस्तावतं, खात नाही आणि वर येऊन बसतही नाही. तिथे हीटर लागतो, आणि त्यावर जाळीचं कव्हर लागतंच, नाहीतर कासव हीटरची काच फोडतं.

दुकानात आणि व्हॉट्सॲपवर मिळणारे सल्ले

खोबरेल, मोहरीचं तेल, व्हॅसलीन: चकाकी येते आणि फोटो छान निघतो. तेलाच्या थराखाली ओलावा आणि जिवाणू अडकतात, वर धूळ चिकटते आणि पाण्यावर तवंग येतो. कवचाला तेलाची गरज नसते.

शेवाळ मारण्याचं औषध: माशांच्या टाकीसाठी मिळणाऱ्या अशा काही औषधांत तांबं असतं. कासव ज्या पाण्यात राहतं तेच पितं. टाकू नका.

सकर फिश: 'हा सगळं शेवाळ खाऊन टाकतो' म्हणून गळ्यात मारतात. तो कासवाच्या पाठीची साफसफाई करत बसत नाही. स्वतः भरपूर घाण करतो आणि एक दिवस कासव त्याला खायचा प्रयत्न करतं. त्याच्या काटेरी परांनी कासवाच्या घशाला इजा होऊ शकते. मासा कंटाळून तळ्यात सोडला तर तिथलं नुकसान वेगळंच. स्लायडरलाही हेच लागू आहे, जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड, बेटाडिन: जखमेची औषधं आहेत, शेवाळाची नाहीत. जखमेवरसुद्धा किती पातळ करायची ते डॉक्टरांनी सांगायचं.

डॉक्टरांकडे कधी

मऊ भाग, खड्डा, लालसर किंवा गुलाबी डाग, कुजका वास, कवचातून येणारा स्राव, स्क्यूट निघून खालचं हाड दिसणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात जा. कवच ठीक दिसतं पण कासव खात नाही, डोळे सुजलेत, नाकाला बुडबुडे येतात किंवा पाण्यात एका बाजूला कलून तरंगतं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. दिवसभर पाण्यात राहून वर बसायला येतच नाही, किंवा उलट पाण्यात जायलाच तयार नाही, हेही लक्षण समजा.

प्रत्येक पशुवैद्य सरपटणारे प्राणी बघतातच असं नाही. आधी फोन करून 'कासव तपासता का?' एवढं विचारा, म्हणजे फेरी वाचते. जाताना कासव पाण्यात नेऊ नका. झाकण असलेल्या, भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर टॉवेलवर न्या. सोबत टाकीचा, दिव्यांचा आणि खाण्याच्या पाकिटाचा फोटो ठेवा, आणि पाण्याचं व कोरड्या जागेचं तापमान लिहून न्या. पाठ आदल्या दिवशी घासून चकचकीत करू नका. डॉक्टरांना ती आहे तशी दिसलेली बरी.